शुगर आहे, पण कोणती?



गुरुजींच्या स्मृतिदिनी मी मधुमेहावर बोलणार म्हटल्यावर काहींना वाटलं असेल की डॉक्टरला दुसरं काय सुचणार. पण हा विषय मी निवडलेला नाही. तो गुरुजींनी मला दिला, माझ्या दवाखान्यात बसून, एका प्रश्नाच्या रूपात. त्या दिवशी मी दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि त्यांचं समाधान झालं नाही. आज ते उत्तर नीट द्यायचा प्रयत्न करतो.

आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात गुरुजी पहिल्यांदा माझ्याकडे आले. चपलेचा अंगठा लागून झालेली जखम दोन महिने भरत नव्हती आणि रात्री तीन-तीनदा उठावं लागत होतं. रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर २१० निघाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासली, आकडा तेवढाच. मी म्हणालो, "गुरुजी, तुम्हाला मधुमेह आहे." ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी एका मुलाबद्दल सांगितलं.

ही त्याच्या वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. गुरुजी तेव्हा सेनगावकडच्या एका खेड्यात चौथीचा वर्ग शिकवत. वर्गातला एक चुणचुणीत पोरगा दिवाळीच्या सुट्टीनंतर तासाला दोन-दोनदा "गुरुजी, लघवीला जाऊ?" विचारायला लागला. मधल्या सुट्टीत पाण्याच्या रांजणापाशी उभा. सदरा अंगावर लोंबायला लागला होता. गुरुजींना वाटलं, पोरगा अभ्यास टाळतोय. एका दुपारी त्यांनी त्याला जाऊ दिलं नाही. पोराची चड्डी वर्गातच ओली झाली. वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. घरच्यांनी आठवडाभर अंगावर काढलं. मग पोटात दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. कोणी कावीळ म्हणालं, कोणी बाहेरचं म्हणालं. तालुक्याच्या गावी नेऊन सलाईन लावलं. परभणीला न्यायचं ठरलं, पण गाडी मिळेपर्यंत रात्र झाली. पोरगा पहाटे गेला. पुढे कधीतरी एका नातेवाईक डॉक्टरने ही हकिगत ऐकून गुरुजींना सांगितलं, "तो मधुमेह होता."

एवढं सांगून गुरुजींनी मला विचारलं, "डॉक्टर, त्याला आणि मला एकच आजार. मग तो सहा आठवड्यांत गेला आणि मी तुमच्यासमोर बसून बोलतोय, हे कसं?"

पुढच्या खेपेला ते दोनशे पानी वही घेऊन आले. दर तपासणीला एखादा शब्द विचारायचे, उतरवून घ्यायचे, घरी जाऊन आपल्या भाषेत लिहायचे आणि पुढच्या वेळी मला दाखवून दुरुस्त करून घ्यायचे. ती वही त्यांच्या मुलाने मागच्या वर्षी माझ्याकडे दिली. आज मी तीच समोर ठेवून बोलतो आहे.

वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ आहे: 'शुगर हे आजाराचं नाव नाही.' ही ओळ मला कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा कामाची वाटते. आपल्याकडे 'शुगर निघाली' म्हणतात, 'बीपी-शुगर आहे' म्हणतात, आणि तेवढ्यावर ओळख संपते. पण 'ताप आहे' म्हटल्याने तो हिवताप की विषमज्वर हे कळतं का? तापासारखीच रक्तातली वाढलेली साखर ही एक खूण आहे. ती कशामुळे वाढली, याची कारणं वेगळी. कारण वेगळं म्हणजे उपचार वेगळा, आणि तो किती तासांत करायचा तेही वेगळं. आपल्या जुन्या वैद्यांनी हा फरक ओळखला होता. प्रमेहाचे वीस प्रकार सांगून त्यांनी मधुमेह वेगळा काढला. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या रोग्यांचे दोन गट आहेत. एक सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला. हा रोगी कृश, कमी खाणारा आणि सतत तहानलेला. दुसरा अपथ्यातून झालेला. हा स्थूल, खूप खाणारा, बसून-झोपून राहणारा. आधुनिक वैद्यकाला हे दोन गट प्रयोगाने वेगळे दाखवायला १९३६ साल उजाडलं. लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी तेव्हा दाखवलं की काही मधुमेहींचं शरीर इन्सुलिनला लगेच दाद देतं, तर काहींचं देत नाही.

'डायबेटिस' हा ग्रीक शब्द आहे. शरीरातून पाणी नळीवाटे वाहून जावं तसं वाहतं, असा त्याचा अर्थ. 'मेलिटस' म्हणजे मधासारखं गोड. 'डायबेटिस इन्सिपिडस' नावाचा आणखी एक आजार आहे. त्यातही लघवी खूप होते, पण साखरेशी त्याचा काही संबंध नाही; त्यात पाणी राखणाऱ्या दुसऱ्याच संप्रेरकाचा घोटाळा असतो. नावाच्या सारखेपणाने रुग्णांचं नुकसान होतं म्हणून २०२२ मध्ये तज्ज्ञांनी त्याचं नावच बदलायचं ठरवलं. एका शब्दाने माणसाचं किती बिघडू शकतं, हे यावरून कळावं.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे येतो.

जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. १८६९ मध्ये पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात पेशींचे वेगळे पुंजके दिसले, समुद्रात बेटं असावीत तसे. ते काय करतात हे त्याला माहीत नव्हतं. १८८९ मध्ये स्ट्रासबर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं. त्या कुत्र्याला मधुमेह झाला. त्या बेटांतूनच एक रस रक्तात उतरतो. बेटाला लॅटिनमध्ये 'इन्सुला' म्हणतात, म्हणून त्या रसाचं नाव इन्सुलिन.

इन्सुलिनचं काम समजायला आपल्या वसमतचा किंवा हिंगोलीचा मोंढा डोळ्यांसमोर आणा. हंगामात हळदीच्या गाड्या लागल्या आहेत. हा माल म्हणजे जेवणातून रक्तात आलेली साखर, शास्त्रीय नाव ग्लुकोज. माल वखारीत नेऊन टाकणारे हमाल म्हणजे इन्सुलिन, आणि वखारी म्हणजे आपल्या पेशी. आता समजा, एका सकाळी मोंढ्यात एकही हमाल आला नाही. अंगणात पोत्यांच्या थप्प्या लागल्या, पण वखारी रिकाम्याच. हा पहिला प्रकार, टाइप १. दुसऱ्या मोंढ्यात हमाल आहेत, पण वखारींची दारं गंजली आहेत, जोर लावल्याशिवाय उघडत नाहीत. सुरुवातीला जास्त हमाल लावून काम भागतं. काही वर्षांनी तेही थकतात, त्यांची संख्या घटते, आणि माल बाहेर पडून राहतो. हा टाइप २. दार न उघडण्याला आम्ही 'इन्सुलिन रेझिस्टन्स' म्हणतो. गुरुजींनी वहीत त्याला 'पेशींनी इन्सुलिनला दाद न देणं' असं लिहिलंय, आणि मी त्यात काही दुरुस्त केलं नाही.

त्या चौथीतल्या मुलाला टाइप १ होता. यात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा चुकून स्वतःच्याच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर हल्ला करते आणि त्या मारून टाकते. मुलाने साखर खाल्ली म्हणून हा होत नाही, आईच्या दुधामुळे होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. इन्सुलिन संपलं की पेशी उपाशी राहतात. साखर मूत्रपिंडातून लघवीत उतरते, आपल्याबरोबर पाणी ओढून नेते, म्हणून सारखी लघवी आणि न भागणारी तहान. उपाशी शरीर चरबी जाळायला घेते, म्हणून अंगावरचा सदरा सैल होतो. चरबी जाळताना किटोन नावाची आम्लं तयार होतात. ती साचली की रक्त आम्लधर्मी होतं. त्याला 'डायबेटिक किटोअॅसिडोसिस' म्हणतात. डॉक्टर आपसात 'डीकेए' म्हणतात. मग पोटात दुखतं, उलट्या होतात, श्वास खोल आणि जोरात चालतो, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो. पोटदुखी बघून कोणी अपेंडिक्स म्हणतं, धाप बघून कोणी न्यूमोनिया म्हणतं. रक्ताच्या एका थेंबाची साखर तपासली नाही, तर मूल हाती लागत नाही.

आजार कळायला उशीर होणं इथलंच नाही, ते जगभर घडतं. पण टाइप १ वरचं औषध तेव्हाही जगात होतं. टोरांटोमध्ये १९२१ च्या उन्हाळ्यात बँटिंग आणि बेस्ट यांनी मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून हा रस काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचला. पहिली सुई नीट लागू पडली नाही, रस शुद्ध नव्हता. त्यांचे सहकारी कॉलिप यांनी तो शुद्ध केला आणि १२ दिवसांनी दुसरी सुई दिली. रक्तातली साखर उतरली, किटोन गेले. उपासमारीच्या पथ्यावर हाडांचा सापळा झालेला तो मुलगा पुढे १३ वर्षं जगला. ज्यांनी शोध लावला त्यांनी त्याचे हक्क टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, आज जगभर मधुमेह दिन म्हणून पाळला जातो.

मी ही हकिगत सांगितली तेव्हा गुरुजींनी बोटांवर हिशेब केला. म्हणाले, "म्हणजे माझं पोरगं गेलं तेव्हा हे औषध निघून साठ वर्षं झाली होती."

टाइप १ असलेल्या मुलाला इन्सुलिन जन्मभर लागतं. कारल्याचा रस, जांभळाच्या बिया, कुठलाही काढा हे इन्सुलिन तयार करू शकत नाही, कारण ते तयार करणारी पेशीच उरलेली नसते. 'पोराला लहानपणीच सुईची सवय लागेल' म्हणून सुई बंद करून काढा सुरू करणारे आई-वडील मी पाहिले आहेत. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही, पण ती मुलं पुन्हा डीकेएमध्येच परत येतात. सुई ही सवय नाही, ते त्याचं अन्न आहे.

या सुईबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण या चुका मी वारंवार पाहतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक करून एका मिलिलिटरला ४० युनिटच्या येतात, आणि पेनची काडतुसं १०० युनिटची. सिरिंजही दोन तऱ्हेच्या असतात: ४० वाल्यांचं टोपण लाल, १०० वाल्यांचं नारिंगी. ४० च्या बाटलीला १०० ची सिरिंज लावली तर डोस अडीच पट कमी जातो. उलटं केलं तर अडीच पट जास्त, आणि रुग्ण बेशुद्ध पडतो. औषध घेताना बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे पाहूनच दुकानातून पाय काढा. दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. आपल्या चाळिशीपारच्या उन्हात इन्सुलिन निकामी होतं, आणि गोठवलं तरी निकामी होतं. न उघडलेली बाटली फ्रिजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यात नाही. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी मोठ्या माठात ओली वाळू भरून त्यात छोटं मडकं बसवावं, बाटली पिशवीत बांधून त्यात ठेवावी आणि माठ सावलीत, वाऱ्याच्या तोंडाला ठेवावा. फ्रिजइतकं गार होत नाही, पण उन्हाळा निभावतो.

गुरुजींना होता टाइप २. आपल्या देशातल्या बहुतेक मधुमेहींना हाच असतो. पण हे त्यांना पटेना. "मी लुकडा, सायकलवर शाळेत जातो, चहाही बिनसाखरेचा. लठ्ठ माणसांचा आजार मला कसा?"

या प्रश्नाचं उत्तर पुण्यात शोधलं गेलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्याही आतली, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपलं बाळ हाडाने, मांसाने लहान. पण चरबी मात्र त्या मानाने राखून ठेवलेली. बाहेरून कृश, आतून चरबीदार. पुढे २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापला गेला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा: २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के. हा फोटो मी गुरुजींना दाखवला. ते बराच वेळ त्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे वजनकाट्यावर भरवसा ठेवायचा नाही." अगदी खरं. म्हणून आपल्या माणसांसाठी मी कमरेचा घेर मोजायला सांगतो. पुरुषाचा ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला की वजन काहीही असो, तपासणी करून घ्या.

पोटात असताना उपासमार भोगलेल्या बाळाला पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पडलेल्या दुष्काळातल्या बाळांच्या अभ्यासातून हे दिसलं आहे. १९७२ च्या दुष्काळात इथली कितीतरी माणसं सुकडीवर आणि रोजगार हमीच्या खडीवर जगली. त्या साली जन्मलेले आज पन्नाशी पार केलेले इथे बसले असतील. त्यांना माझं सांगणं, तब्येत ठणठणीत वाटत असली तरी एकदा रक्त तपासा. टाइप २ वर्षानुवर्षं मुका असतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत भारतात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरची माणसं असल्याचा अंदाज आला. खेड्यांत मधुमेहाचं प्रमाण ८.९ टक्के निघालं. मधुमेह शहरी श्रीमंतांचा आजार आहे ही समजूत आता सोडली पाहिजे.

उरलेले प्रकार थोडक्यात सांगतो. स्वादुपिंडातच खडे झाल्याने, किंवा ते दारूने सुजून-झिजून गेल्याने होणारा मधुमेह. एखाद्या जनुकातल्या दोषामुळे पिढ्यान्‌पिढ्या तरुणपणीच दिसणारा 'मोडी'. यातल्या काहींना सुईची नाही, साध्या गोळीची गरज असते. लहानपणीच्या कुपोषणातून आलेला, अगदी कृश तरुणांत दिसणारा मधुमेह. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये तो यादीत घेतला, १९९९ मध्ये काढून टाकला, आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 'टाइप ५' या नावाने त्याला पुन्हा जागा दिली. त्या यादीतून वगळलेल्या २६ वर्षांत कितीजणांवर चुकीचे उपचार झाले असतील, या विचाराने मला आजही वाईट वाटतं. आणि एक आपल्या बाजारातला: सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या विकल्या जातात. त्यांतल्या काहींत स्टेरॉइड असतं. गुडघे आठ दिवसांत मोकळे होतात आणि साखर तीनशेवर जाते. पुडीवर नाव नसेल, तर ती पोटात घालू नका.

गरोदरपणातल्या मधुमेहावर मात्र मला थांबायचं आहे, कारण तो एका वेळी दोन जिवांचा आहे. वारेतून येणारी संप्रेरकं इन्सुलिनला दाद लागू देत नाहीत, म्हणून एरवी निरोगी बाईचीही साखर या दिवसांत वाढू शकते. तपासणी सोपी आहे: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात मिसळून प्यायला द्यायचं, दोन तासांनी रक्त घ्यायचं. उपाशी यावं लागत नाही. आकडा १४० किंवा त्यावर असेल तर उपचार. ही तपासणी पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत दुसऱ्यांदा व्हायला हवी. आपल्याकडे सासरी पहिली तपासणी होते आणि सातव्या महिन्यात सून माहेरी जाते. नेमकी दुसरी तपासणी याच अदलाबदलीत राहून जाते. माहेरच्या आशाताईंना पहिला कागद दाखवा. बाळंतपणानंतर साखर उतरली म्हणून विसरू नका; सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा आणि दरवर्षी तपासत राहा, कारण अशा बाईला पुढे टाइप २ होण्याची शक्यता खूप असते.

आता तुमच्या हातातला तपासणीचा कागद. 'फास्टिंग' म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काही न घेता केलेली तपासणी. १२६ किंवा त्यावर असेल तर मधुमेह. १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, ज्याला आपण 'बॉर्डर' म्हणतो. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर निदान करू नये, दुसऱ्यांदा तपासावं. 'पीपी' म्हणजे जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी. 'एचबीए१सी' म्हणजे ज्याला लोक 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात. रक्तातल्या लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढ्या दिवसांत साखर त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. किती टक्के चिकटली ते हा आकडा सांगतो. ६.५ किंवा त्यावर मधुमेह, ५.७ ते ६.४ उंबरठा. तपासणीच्या आधी चार दिवस गोड बंद करून या आकड्याला फसवता येत नाही. पण सिकलसेल असलेल्या माणसाच्या लाल पेशी लवकर मरतात, म्हणून त्याचा आकडा खोटा कमी दिसू शकतो. लोह कमी असलेल्या ऍनिमियात तो खोटा जास्त दिसू शकतो. अशांनी डॉक्टरांना आधी सांगावं.

आणखी एक. कोणाचा मुलगा इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियात असेल आणि तो फोनवर "माझी शुगर सात आहे" म्हणाला, तर गोंधळून जाऊ नका. तिकडे दुसऱ्या एककात मोजतात. त्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा मिळतो: सात म्हणजे १२६.

वहीत गुरुजींनी लाल शाईने लिहिलेला एकच शब्द आहे: 'हायपो'. साखर ७० च्या खाली जाणं. हात कापतात, दरदरून घाम येतो, भूक लागते, जीभ जड होते, माणूस चुकीचं बोलतो. दारू प्यायला असं समजून लोक दूर होतात. तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. हा हायपो गुरुजींना एका एकादशीला झाला होता. ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि दिवसभर काही खाल्लं नाही. माझी या सभागृहातल्या माळकऱ्यांना हात जोडून विनंती आहे, उपास करायचा असेल तर आदल्या दिवशी गोळीबद्दल विचारा. आणि साबुदाण्याच्या खिचडीवर उपास करणार असाल तर हेही ध्यानात घ्या की ती भाकरीपेक्षा साखर लवकर वाढवते. दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत मराठवाड्यात घरोघर पोचली आहे. तिने अनेकांचं वजन उतरलं, पण ज्यांना सुई आहे किंवा स्वादुपिंडाला जोर लावणारी गोळी आहे, त्यांनी डोस बदलून घेतल्याशिवाय जेवण वगळू नये.

राहिले पाय. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या चेतातंतूंची जाणीव जाते. आधी मुंग्या येतात, मग जळजळ होते, आणि शेवटी काहीच कळत नाही. ज्याला दुखत नाही त्याला आपण बरं झालं समजतो. हळद शिजवण्याच्या दिवसांत, चैत्राच्या उन्हात, वाळत घातलेल्या हळदीवर अनवाणी फिरणारी माणसं मी पाहतो. त्यांपैकी काहींच्या तळव्यांना भाजलेलं कळत नाही. नर्सीहून आषाढीला निघणाऱ्या वारकऱ्यांत कितीतरी जण अनवाणी असतात. पंढरपूरहून परत आल्यावर पाय धुताना जखम दिसते. मग तिच्यात हळद भरली जाते, आणि ती आत खोल जाते. हळद हे आपल्या मातीचं सोनं आहे, पण बधिर पायाच्या जखमेवर तिचा उपचार पुरत नाही. वारी चुकवायला मी कोणालाही सांगत नाही. बंद, मऊ पादत्राण घाला, रोज रात्री मुक्कामी दोन्ही तळवे आरशात पाहा, दिसत नसेल तर शेजारच्या वारकऱ्याला पाहायला सांगा. शिवाय वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. डोळा आणि मूत्रपिंड बिघडताना दुखत नाहीत.

गुरुजी तेवीस वर्षं या आजाराबरोबर जगले. गोळीवर, चालण्यावर, शेवटची सहा वर्षं सुईवर. अंगठ्याची ती पहिली जखम तीन महिन्यांत भरली आणि पाय शेवटपर्यंत शाबूत राहिले.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी ज्या दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत आपलं हिंगोलीचंही आहे. त्यामुळे तज्ज्ञ डॉक्टर आपल्या गावाजवळ येत आहेत. पण आजारी मूल ओळखायचं काम डॉक्टरांच्या आधी दुसऱ्याच कोणाच्या समोर येतं. गुरुजींच्या वहीच्या शेवटच्या पानावर चार शब्द एकाखाली एक लिहिलेले आहेत: लघवी, तहान, वजन, थकवा. त्यांच्या शेजारी तारीख नाही आणि खुलासाही नाही. मला तो लागला नाही.

इथे आज जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांतून शिक्षक आले आहेत. तुमच्या वर्गातलं एखादं मूल सारखी लघवीची परवानगी मागत असेल, पाण्यापासून हटत नसेल, दिवसेंदिवस वाळत असेल, तर त्याला जाऊ द्या. आणि त्याच दिवशी, आठवड्याच्या बाजाराची वाट न पाहता, त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. तिथे ग्लुकोमीटर असतं. बोटातून रक्ताचा एक थेंब लागतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आत आकडा कळतो.